मिलिटरी दोनदा आली

"मिलिटरी दोनदा आली बघ बाई आपल्या भागात. एकदा राज्य घ्यायला, अन् एकदा आमाला मातीतून उकरून काढायला."

आमच्या आजेसासूबाईंचे हे ठरलेले वाक्य. मी लग्न होऊन सास्तूरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते मला ऐकवले आणि २०१९ मध्ये त्या गेल्या तोवर किती वेळा ऐकले याची मोजदादच नाही. नव्या सुनेला वाटते, म्हाताऱ्या माणसांची सवय, तेच तेच बोलायचे. मान हलवायची आणि निवडत बसलेल्या मेथीकडे बघायचे. आता त्या नाहीत, आणि ते वाक्य मात्र माझ्या मागे लागले आहे.

सास्तूर हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी भूकंपाच्या बातम्यांत ऐकलेले असेल. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले हे आमचे गाव. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी आमच्याकडची घरे. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून पिढ्यान् पिढ्या बांधलेली. तीच माणसांवर पडली. आजचे सास्तूर म्हणजे पुनर्वसनात उभे राहिलेले गाव, सरळ रस्ते आणि रांगेने घरे. पाहुणे विचारतात, "तुमचं जुनं घर कुठंय?" त्यांना दाखवायला आमच्याकडे काही नाही.

मिलिटरी दुसऱ्यांदा आली ती तेव्हा. पहिल्यांदा आली ती सप्टेंबर १९४८ मध्ये. आणि गंमत बघा, गंमत तरी कसली म्हणायची, तीही भाद्रपदातली पहाटच होती, चारच्या सुमाराची.

यंदा या पहिल्या येण्याच्या शोधात मी मुलांना घेऊन एक दिवस बाहेर पडले. तो प्रवास तुम्हाला सांगायचा आहे. लांबचा मुळीच नाही, सकाळी निघून संध्याकाळच्या दिवाबत्तीला घरी. पण त्याला निमित्त झाले ते सातासमुद्रापलीकडचे.

माझी नणंद अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात असते. जुलैत तिने फोनवर भराभरा फोटो पाठवले. गेटिसबर्ग म्हणून गाव आहे, तिथे ही मंडळी सुट्टीत गेली होती. अमेरिकेच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटले, त्यातली फार मोठी लढाई इथे १८६३ च्या जुलैत पहिल्या तीन दिवसांत झाली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता असे दोन्हीकडचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास. आता तिथे शेते आहेत, कुंपणे आहेत, आणि जिकडे बघावे तिकडे दगड नि पाट्या. तेराशेहून जास्त स्मारके नि फलक आहेत म्हणे. कुठली पलटण कुठल्या दिशेने आली, कुठे थांबली, केव्हा मागे हटली, सगळे लोखंडी किंवा ब्राँझच्या पाट्यांवर लिहिलेले. आणि दोन्ही बाजूंचे बरं का! ब्रिगेडच्या पाट्यांत उत्तरेकडच्यांचा चौथरा चौकोनी, दक्षिणेकडच्यांचा गोल. म्हणजे लांबूनच कळावे, इथे कोण उभे होते ते.

एक फोटो मी दोनदा उघडून बघितला. विटांचे साधे घर. जेनी वेड नावाची वीस वर्षांची मुलगी तिथे बहिणीच्या बाळंतपणासाठी राहिली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पावाची कणीक मळत होती आणि दारातून आलेली गोळी तिला लागली. त्या लढाईत प्रत्यक्ष गोळीने मेलेली गावातली ती एकटीच. तिचे घर त्यांनी जपले आहे. परातीशी उभी असताना मेलेल्या मुलीचीही आठवण ठेवणारे लोक आहेत, हे वाचून माझा कणकेतला हात थांबला, खरंच सांगते.

नणंदेने खाली लिहिले होते, "वहिनी, आपल्याकडे असं काही आहे का गं?"

त्याच आठवड्यात शाळेत १७ सप्टेंबरच्या भाषणाचे काम माझ्याकडे आले. मी इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. सतरा सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पुण्यामुंबईच्या मैत्रिणींना सांगायला हवे, पंधरा ऑगस्ट १९४७ ला तुमच्याकडे पेढे वाटले गेले तेव्हा आमच्याकडे निजामाचे राज्य होते. हैदराबाद संस्थानात मराठी मुलखाचे पाच जिल्हे होते, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. आमचा तिरंगा तेरा महिने उशिरा फडकला.

वर्गात हे सांगत होते. रझाकार कोण, त्यांचा पुढारी कासिम रझवी हा आपल्या जवळच्याच लातूरचा वकील, त्यांनी गावेच्या गावे कशी लुटली, माणसे कशी मारली, हे सगळे. तास संपल्यावर एक मुलगी माझ्या टेबलाशी रेंगाळली. नाव सांगत नाही. मुसलमानाची आहे, अक्षर मोत्यासारखे, वर्गात कधी तोंड न उघडणारी. वहीशी चाळा करत म्हणाली, "बाई, तेव्हा आमची माणसं कुठं होती?"

मैत्रिणींनो, मी बी.ए. झाले ती इतिहास घेऊन. पण त्या पोरीला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. "उद्या सांगते हं," म्हटले आणि घरी आले. उद्याचा परवा झाला. शेवटी ह्यांना म्हटले, रविवारी नळदुर्गला जायचे.

नळदुर्गच का, ते सांगते. निजामाशी भारत सरकारने नोव्हेंबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करार केला होता, पण पुढे काही जुळले नाही आणि इकडे रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला. तेव्हा १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय सैन्य संस्थानात शिरले. बाजू पुष्कळ होत्या, पण मुख्य धडक सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याने आली आणि त्या वाटेवरची पहिली लढाई नळदुर्गला झाली. या सगळ्या मोहिमेला लष्करात 'ऑपरेशन पोलो' म्हणत. आमची जुनी माणसे म्हणतात 'पोलीस ॲक्शन'. घरात भांडण झाले तर युद्ध म्हणत नाहीत, तसेच काहीसे.

शनिवारी रात्रीच धपाटे करून ठेवले. दही वेगळ्या डब्यात, शेंगदाण्याची चटणी, कांदे. मुलाला एक काम दिले. पुस्तकातून मी तारखा नि वेळा काढल्या होत्या, त्या त्याने जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर रंगीत खडूने लिहिल्या. "आपल्याकडे पाट्या नाहीत ना, मग आपण करू," म्हणाला. एकीवर 'नळदुर्ग, पहाट'. दुसरीवर 'जळकोट, सकाळी ९'. तिसरीवर 'उमरगा, दुपारी ३.१५'. चौथीवर 'तुळजापूर, दोन तास लढाई'. धाकटीने पाचवीवर नुसता रणगाडा काढला, तो कुकरसारखा दिसत होता.

सास्तूरहून लोहारा आणि तिथून हैदराबादच्या हमरस्त्याला लागायचे. पावसाने बरी साथ दिली होती, दोन्हीकडे सोयाबीन नि तूर. लोहाऱ्यात चहाला थांबलो तेव्हा मी मुलांना सांगितले, "तुळजापूर घेतल्यावर सैन्याची एक तुकडी इथे लोहाऱ्याकडे यायला निघाली होती. पण नदीला एवढे पाणी आले की पुढे सरकताच येईना." मुलगा म्हणाला, "म्हणजे रणगाडेसुद्धा पुराला भितात?" चहावाले काका हसले. म्हणाले, "भाद्रपदात नदीला कोण भीत नाही?" हे लोहाऱ्याचे कुणी कुठे लिहून लावलेले नाही. आपण ज्या टपरीवर बसून चहा पितो तिथल्या लोकांनी त्या दिवशी 'आता येतील, मग येतील' म्हणत वाट पाहिली असेल, हे मला तोवर कधी सुचलेच नव्हते.

हमरस्त्याला लागून आम्ही पश्चिमेकडे वळलो. सैन्य ज्या दिशेने आले त्याच्या बरोबर उलट. त्या दिवशी चिलखती गाड्या सकाळी नऊला जळकोटात आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात होत्या. उमरगा संस्थानाच्या हद्दीपासून एकसष्ट किलोमीटर आत. एका दिवसात! आमची एस.टी. सुद्धा पूर्वी एवढे अंतर काटायला किती कुरकुर करायची. उमरग्यात रझाकारांनी प्रतिकार केला, तो लवकरच मोडला. तुळजापूरला दुसरी तुकडी पहाटे पोचली. तिथे निजामाच्या पायदळाची एक तुकडी आणि दोनशेच्या आसपास रझाकार होते. ते दोन तास लढले, मग शरण आले. आपण भवानीच्या दर्शनाला रांगेत उभ्या राहतो, ओटीच्या ताटाकडे लक्ष असते. त्याच गावात हे घडले, हे रांगेत कोण सांगणार?

जळकोट आले तसा मुलाने खिडकीतून कागद बाहेर धरला आणि ओरडला, "जळकोट, सकाळी नऊ!" शेजारून जाणारा ट्रकवाला बघतच राहिला.

जळकोटपासून नळदुर्ग जवळच. आता रस्ता इतका रुंद आहे की बोरी नदी केव्हा ओलांडली कळतही नाही. पण १९४८ मध्ये सगळा खेळ बोरीवरच्या पुलाचा होता. पूल उडवला गेला असता तर सैन्य अलीकडेच अडकले असते. सातव्या ब्रिगेडने इतकी घाई केली की पूल शाबूत हाती लागला, आणि मग शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला केला.

त्यात हवालदार बचित्तरसिंग होते. पंजाबातले, वय एकतीस. त्यांची तुकडी सर्वांत पुढे. पहाटेच्या अंधारात समोरून दोन गाड्या वेगाने आल्या. त्यांनी आपल्या जवानांना गोळीबार करायला सांगितले आणि स्वतः धावून जाऊन दोन्ही गाड्या माणसांसकट पकडल्या. पुढे एका मोर्चातून जबर मारा सुरू झाला. तो बंद पाडायला ते निघाले, तीसेक यार्डांवर असताना मांडीत गोळ्या घुसल्या. उभे राहता येईना, तर सरपटत पुढे गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून तो मोर्चा थंड केला. मागे न्यायला आलेल्यांना नकार दिला, जवानांना धीर देत राहिले आणि तिथेच गेले. १९५२ मध्ये अशोकचक्र हा सन्मान सुरू झाला, तेव्हा तो त्यांना मरणोत्तर मिळाला. अशोकचक्र हा रणांगणाबाहेरच्या शौर्याचा सर्वांत मोठा सन्मान. रणांगणावरचा परमवीरचक्र. माणूस मेला तो गोळीनेच. पण मोहिमेचे नाव 'पोलीस ॲक्शन', म्हणून पदक वेगळे.

नळदुर्गात त्यांचे स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरे कुणी नव्हते. चपला काढून उभे राहिलो. धाकटीने विचारले, "ह्यांची आई कुठं होती?" म्हटले, "पंजाबात." "मग तिला केव्हा कळलं?" मुलांना कसे नेमके विचारता येते! कुठे पंजाब, कुठे बोरी नदी. ज्या गावाचे नाव तिने कधी ऐकले नसेल त्या गावात तिच्या मुलाचे नाव दगडावर राहिले. वाटेत घेतलेली झेंडूची चार फुले मुलांनी ठेवली. आपली 'नळदुर्ग, पहाट' ही पाटीही मुलाने फुलांजवळ दगडाखाली दडपून ठेवली. मी नको म्हटले नाही.

मग किल्ला. इतक्या जवळ येऊन किल्ला न बघता गेलात तर पाप लागेल! बोरीचे पाणी अडवून त्या बांधाच्या पोटातच बांधलेला पाणीमहाल म्हणजे आश्चर्य आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. पाऊस चांगला झाला आणि धरण भरले की नर आणि मादी असे दोन धबधबे बांधावरून कोसळतात, आणि आत महालात उभे राहिले तर समोर पाण्याचा पडदा, अंगावर थेंब नाही. आम्ही गेलो तेव्हा पाणी बेताचे होते, पण आवाज होता. उपळी बुरजावर चढताना माझी दमछाक झाली. वरून मात्र सगळा मुलूख दिसतो. धपाटे तिथेच सोडले.

वर बसल्यावर मला आजेसासूबाई आठवल्या. त्यांचे माहेर उमरग्याकडचे. १९४८ मध्ये त्या अकरा वर्षांच्या. रझाकार येणार अशी आवई उठली की धान्य पेवात, दागिने चुलीखाली, आणि बायापोरींना रात्रीतून बैलगाडीने सोलापूरच्या हद्दीकडे पाठवायचे. तिकडे हद्दीवर आपल्या माणसांची छावण्या, केंद्रे होती. त्या सांगायच्या, "बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या, आवाज नको म्हून. आईनं माझ्या तोंडावर हात ठिवला तो गाव मागं पडंस्तोवर काडला नाही." पोलीस ॲक्शन झाली, सतराला निजामाने शस्त्रे खाली ठेवल्याचे जाहीर केले, अठराला त्याचे सैन्य शरण आले. ही मंडळी परत आली. गावात गुलाल होता.

आणि इथे त्या नेहमी गप्प व्हायच्या. गल्लीत त्यांची एक मैत्रीण होती, मुलाण्याची. दोघींचे सागरगोटे एकच, आळीपाळीने घरी न्यायचे. निघायच्या रात्री पाळी मैत्रिणीची होती. परत आल्या तर तिच्या घराला कडी नव्हती, दार उघडे आणि आत कुणी नाही. "कुठं गेली विचारलं तर आई म्हनली, गप. बापाला विचारलं तर बाप म्हनला, गप." ऐंशी वर्षांची बाई, पण हे सांगताना अकरा वर्षांची व्हायची. "माझे सागरगोटे तिच्यापाशीच ऱ्हायले बघ," म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची.

मी त्या वेळी मेथी निवडत होते. आता पुस्तके वाचल्यावर कळले की ती बाई काय सांगत होती. सैन्य आले, रझाकार मोडले, आणि त्यानंतरच्या दिवसांत अनेक गावांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्यात रझाकार किती नि ज्यांनी कुणाचे काही वाकडे केले नाही असे किती, हे कुणी पाहिले नाही. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. ती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर फिरली. सर्वांत वाईट स्थिती चार जिल्ह्यांत होती असे तिने लिहिले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांतच कमीत कमी अठरा हजार माणसे गेली असा तिचा अंदाज, आणि सबंध संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. चारातला पहिला जिल्हा आमचा. मैत्रिणींनो, हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण त्याच अहवालात दुसरेही आहे. हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान बायापोरांना घरात लपवले, वाचवले, याचीही नोंद आहे. आणि ज्यांना वाटते की तेव्हा सगळे मुसलमान एकाच बाजूला होते, त्यांनी शोएबुल्ला खान हे नाव लक्षात ठेवावे. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक. संस्थान भारतात यावे असे लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना रस्त्यात गाठून ठार मारले. पोलीस ॲक्शनच्या जेमतेम तीन आठवडे आधी.

"तेव्हा आमची माणसं कुठं होती?" त्या पोरीच्या प्रश्नाचे उत्तर असे सगळीकडे विखुरलेले होते. काही रझाकारांत होती, काही रझाकारांच्या हातून मेली, काही नंतरच्या सुडात, आणि बहुतेक आपापल्या घरात, दाराला कडी लावून बसलेली. आपल्या माणसांसारखीच.

गेटिसबर्गच्या पाट्यांचे मला कौतुक वाटले होते, पण नंतर नणंदेशी बोलताना एक कळले. तिथेही कित्येक वर्षे पाट्यांवर पलटणी होत्या, सेनापती होते. ज्यांच्या गुलामगिरीवरून युद्ध झाले ती काळी माणसे फारशी नव्हती. दक्षिणेचे सैन्य येतेय म्हणताच त्या गावातली काळी कुटुंबे पोरेबाळे घेऊन पळाली होती, सापडलेल्यांना धरून दक्षिणेत गुलाम म्हणून नेले होते. दगडावर कोण येते आणि कोण राहून जाते, हे तिथे काय नि इथे काय, सारखेच.

परतीच्या वाटेवर ह्यांनी विचारले, "मग भाषणात काय सांगणार?" मी म्हटले, सगळेच सांगणार. शाळेतल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांचा सल्ला वेगळा होता. "बाई, झेंडावंदन, दोन शब्द, खाऊ. एवढं खोलात कशाला? जखमेवरची खपली काढू नये." त्यांचेही चूक नाही. त्यांनी १९९३ मध्ये घरातली माणसे घालवली आहेत, खपली म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोन रात्री मी विचार केला. शेवटी सास्तूरनेच मला उत्तर दिले. भूकंपात माती उकरताना कुणी जात विचारली नाही. आत कोण आहे ते आधी कळलेच नव्हते, आवाज आला तिथे खणायचे. दबलेले बाहेर काढल्याशिवाय इथे कुणी वाचले नसते.

सतराच्या सकाळी मी बोलले. आधी आमच्याच तालुक्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सांगितली, १९२१ मध्ये सुरू झालेली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते, पुढे त्यांनीच सबंध संस्थानाचा लढा चालवला. म्हणजे हा लढा आपल्या भागात फळ्या-खडूने सुरू झाला, बंदूक फार नंतर आली. मग बचित्तरसिंग सांगितले. मग शोएबुल्ला खान. आणि शेवटी आजेसासूबाईंचे सागरगोटे. ते सांगताना माझा आवाज थोडा फाटला. मैदान शांत होते. ती मुलगी तिसऱ्या रांगेत, खाली मान घालून.

टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या. सल्ला देणारे सहकारी काही बोलले नाहीत, खाऊची पिशवी त्यांनी माझ्या हातून घेऊन स्वतः वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, आमच्या पणजोबांना शेजारच्यांनी कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. तीन दिवस. दादी म्हणती, शेजारची म्हातारी रोज गुरांना कडबा काढायच्या निमित्तानं यायची आणि पेंढीत भाकरी घालून ठेवायची." एवढे सांगून पळाली. ही गोष्ट कुठल्या दगडावर नाही, कुठल्या पुस्तकात नाही. त्या म्हातारीचे नावही त्या घरात आता कुणाला माहीत नाही. मी ती तशीच्या तशी लिहून ठेवली.

तुमच्यापैकी कुणाला ही वाट धरायची असेल तर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत धरा. सोलापूरहून नळदुर्ग तासाभराचे. तुळजापूरच्या दर्शनाला येणार असाल तर एक दिवस वाढवा. धबधबे बघायचे असतील तर पाऊस झालाय का ते आधी विचारून घ्या, नाहीतर मुलांचा हिरमोड होतो. बुरजाच्या पायऱ्या उंच आहेत, साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, आणि चप्पल पट्ट्याची. पाणी भरपूर घ्या. आणि बचित्तरसिंगांच्या स्मारकाला फुले न्या, चार का होईना.

एक काम मात्र घरबसल्या करता येईल. आपल्या सगळ्यांकडे एक वही असते. दुधाचा हिशेब, लोणच्याचे प्रमाण, कुणाच्या लग्नात काय आहेर दिला ते. त्या वहीची मागची चार पाने सोडा. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्या दिवसांत तुम्ही कुठे होता, काय खाल्ले, कुणाला लपवले, कोण परत आले नाही. मेथी निवडता निवडता विचारा, पण हात थांबवून ऐका. मी थांबवला नाही, म्हणून आजेसासूबाईंच्या त्या मैत्रिणीचे नाव विचारायचे राहूनच गेले. आता कुणाला विचारू?

मुलाच्या उरलेल्या पाट्या मी टाकल्या नाहीत. देवघराच्या फळीवर आहेत. काल बघितले तर धाकटीने त्यांत एक आणखी घातली आहे. पाच गोल काढलेत आणि खाली वेडेवाकडे लिहिले आहे, 'सागरगोटे'.